हंसाले विचार

मु. तांडा, पो. ढाणकी, ता. उमरखेड
२ एप्रिल १९५८

चि. धावजीस,

हंसाबाईचा आशीर्वाद. हे पत्र आमच्या तांड्यावरच्या शाळेचे मधुसूदन मास्तर लिहून देत आहेत. मी सांगते आणि ते लिहितात. तुला यवतमाळहून नागपूरच्या तुरुंगात नेल्याचे रुपीकडून कळले. कोर्टाचा निकाल लागला त्या दिवशी मी येऊ शकले नाही. माझी साक्ष आधीच होऊन गेली होती आणि घरी कापसाची वेचणी चालू होती.

जन्मठेप म्हणजे किती वर्षे, असे मी मास्तरांना विचारले. ते म्हणाले, वागणूक चांगली असेल तर साधारण चौदा वर्षांनी सोडतात. तेव्हा वागणूक चांगली ठेव. तुझा राग लवकर चढतो. तिथे कोणी काही बोलले तर ऐकून घे.

रुपी आणि तुझ्या तिघी मुली बऱ्या आहेत. रुपी दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाते. आपले मोठे भाऊ लखीरामभिया यांना जाऊन आता अकरा महिने होतील. भुरीभावजयीने नाल्याकाठचे शेत बटईने दिले आहे असे ऐकले. माहेरच्या तांड्यावर मी त्यानंतर गेलेली नाही.

साक्षीच्या दिवशी तू माझ्याकडे एकदाही पाहिले नाहीस. त्याबद्दल मला तुला काही सांगायचे होते. परंतु मास्तर म्हणतात की तुरुंगात जाणारे प्रत्येक पत्र तिथले साहेब आधी वाचतात, जपून सांगा. म्हणून इथेच पुरे करते.

प्रकृतीस जप.

तुझी थोरली बहीण
हंसाबाई नेमसिंग चव्हाण
(डाव्या हाताचा अंगठा)


ढाणकी
३० मार्च १९५९

चि. धावजीस,

आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. मास्तरांनी दोनदा वाचून दाखवले. तुरुंगात तुला सुतारकाम शिकवतात हे ऐकून बरे वाटले.

होळी झाली. यंदा तांड्यावर नाचगाणे झाले, पण मी बाहेर निघाले नाही. घरी पाहुणे होते.

तू विचारले आहेस की भुरीभावजय लोकांना असे सांगत फिरते की नेमसिंगजींची बैलजोडी लखीरामभियाने दिली, ते काय प्रकरण आहे. तसे काही नाही. ती जोडी यांनी दिग्रसच्या बाजारातून विकत आणली. भुरीभावजयीचा नवरा गेला, तिला दुःख आहे, ती काही बोलणारच. तू मनावर घेऊ नकोस.

मास्तरांना शाळेत जायचे आहे. ते विचारतात, आणखी काही लिहायचे आहे का. मी नाही म्हणाले.

तुझी बहीण
हंसाबाई
(अंगठा)


ढाणकी
१८ सप्टेंबर १९६१

धावजी,

हे पत्र मी माझ्या हातानं लिहून राह्यली. अक्षर वाकडं आहे, वाचता आलं नाही तर तिथं कोणाकडून वाचून घे. नाही, वाचून घेऊ नको. तूच वाच. तू चौथीपर्यंत शिकला आहे.

आमच्याइथं सरकारचा मोठ्या माणसांचा वर्ग निघाला. विमलताई म्हणून बाई येते शिकवायले. पहिले बाया हसत. या वयात पाटी कायले धरू म्हणत. मी पहिल्या दिवसापासून गेली. विमलताई म्हणते, हंसाबाई, तुमच्यासारखी जिद्द कोणाची नाही. तिले काय ठाऊक की मले शिकायची जिद्द नव्हती. मले एक पत्र लिहायचं होतं, जे मास्तराच्या तोंडासमोर सांगता येत नव्हतं. भला माणूस आहे मास्तर. पण मी सांगायले लागली की तो वर पाहे, अन् माझं तोंड बंद होये.

दीड वर्ष लागलं. जोडाक्षरं अजून चुकतात.

साहेब लोक हे वाचतील तर वाचू दे.

धावजी, त्या दिवशी कुऱ्हाड तू घरून आणली ते माझ्या सांगण्यावरून आणली. तुझ्या दाजीले वखराच्या दांडीसाठी बाभळीचं लाकूड पाहिजे होतं. आखजीच्या सणाले माहेरी येताना यांनी मले बजावून सांगितलं होतं, की भावाकडून एक चांगलं सरळ खांड तोडून आण. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुले म्हटलं, कुऱ्हाड घे अन् नाल्याकाठी चाल. तू भाकर अर्धी ठेवून उठला.

कोर्टात सरकारी वकील म्हणाला, आरोपी घरूनच कुऱ्हाड घेऊन निघाला, म्हणजे त्याच्या मनात आधीपासून होतं. मंग तुझ्या वकिलानं मले विचारलं, बाई, आरोपीनं कुऱ्हाड कशासाठी आणली ते तुम्हाले माहीत आहे का. अख्ख्या कोर्टात ते फक्त दोघांले माहीत होतं. मी म्हटलं, नाही.

तू पायाकडं पाहून राह्यला होता. मंग जजसाहेबानं तुले विचारलं, तुले काही सांगायचं आहे का. मले वाटलं आता तू सांगशील. तू म्हटलं, मले काही सांगायचं नाही.

तू माझ्यासाठी गप राह्यला. हे मी तेव्हाच ओळखलं, अन् तरी एसटीत बसून घरी आली. घरी येऊन सैपाक केला.

यांनी मले आधी सांगून ठेवलं होतं, की कुऱ्हाड मी मागितली म्हणशील तर तुलेही आत टाकतील, लेकरं उघड्यावर पडतील. मी भ्याली. एवढंच आज लिहिते. बाकी लिहायची हिंमत झाली तर लिहीन.

हंसा


ढाणकी
१४ जानेवारी १९६२

धावजी,

तुझं पत्र दिवाळीच्या आधी आलं. एकेक अक्षर जोडून मी स्वतः वाचलं. तू लिहिलं, "बाई, कुऱ्हाडीचं मनाले लावून घेऊ नको. मी गप राह्यलो तो माझ्या खुशीनं. तुले कोर्टात कशाले ओढू. पण लखीरामनं माझ्या अडाणी बहिणीले फसवून अंगठा घेतला, ते मी कसं पाहून घेतलं असतं. भाऊ गेला त्याचं दुःख आहे, पण जे केलं ते बहिणीसाठी केलं. याच्यावरच माझे दिवस निघून राह्यले."

मले वाटलं होतं तू रागावशील. तू मलेच समजावून सांगितलं. दोन महिने ते पत्र डाळीच्या डब्याखाली ठेवलं आहे. रोज ते शेवटचं वाक्य काढून वाचते अन् परत ठेवते. आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लखीरामभियानं मले फसवलं नव्हतं.

पहिल्यापासून सांगते. बा गेला तेव्हा आर्णीच्या अर्जनवीसानं सांगितलं, नवा कायदा झाला आहे, बापाच्या वाट्यात आता पोरीलेही हिस्सा आहे. नाल्याकाठचे दोन एकर माझ्या नावावर येतील असं ठरलं. तुमच्या दोघांच्या वाटणीत तुले वरचं बरड आलं होतं. गोटेच गोटे. तू घरामागं कडुलिंबाखाली मले म्हटलं, बाई, तुले शेती करायले इतक्या दूर यायचं नाही, ते दोन एकर मले दे, मी तिथं विहीर खांदीन, पोरीचं भलं होईल. मी म्हटलं, तुलेच देईन, बाची शपथ. आठवते ना. रुपी दारात उभी होती.

मंग मार्च महिन्यात लखीरामभिया माझ्या घरी आला. लग्न झाल्यापासून कधी आला नव्हता. बाच्या मागं तोच मोठा, त्याच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही. तो आला, बसला, माझ्या हातची भाकर खाल्ली. म्हणाला, हंसा, तुझ्या भाकरीले आपल्या आईच्या, याडीच्या हाताची चव आहे. मंग म्हणाला, तो हिस्सा मले सोडून दे. धावजी तापट आहे, तो विहिरीच्या नादात असलेलं बरडही घालवून बसेल. शेत माझ्यापाशी राह्यलं तर कुठं जाणार नाही, त्याच्या पोरीचं लग्न मीच करून देईन. अन् नेमसिंगले मी दिग्रसच्या बाजारात चांगली जोडी घेऊन देतो, तुमचा एक बैल मेला आहे.

तुझ्या दाजीनं माझ्याकडं पाह्यलं. यायले बैल पाहिजे होते, पेरणीच्या आधी जोडी लागत होती. पण सगळं त्यांच्यावर ढकलणार नाही. मीही खूश झाली होती. साऱ्या आयुष्यात मले कोणी काही मागितलं नव्हतं. जे सांगितलं ते केलं. अन् आज घरचा मोठा माणूस माझ्या ओट्यावर बसून मागून राह्यला होता. तुले दिलेली शपथ मले त्या घटकेले आठवली. मी ती आठवू दिली नाही.

दारव्ह्याच्या रजिस्टर कचेरीत तिथल्या माणसानं कागद मोठ्यानं वाचला. विचारलं, बाई, राजीखुशीनं हक्क सोडता ना, समजलं ना. मी म्हटलं, समजलं. मंग अंगठा दिला. परस्पर बाजारातून हे जोडी घेऊन आले. माहेरच्या तांड्यात कोणी पाह्यली नाही. भुरीभावजय खरंच बोलत होती.

आता त्या दिवशीचं.

तू बाभळीवर चढून खांड तोडलं, खाली उतरला, घाम पुसला. ऊन डोक्यावर आलं होतं. तू मले पावलं मोजून दाखवू लागला. इथं विहीर, इथून पाट, इथं संत्र्याची चार झाडं लावीन, तुझे नातू येतील तेव्हा खातील. तू इतका खूश होता की मले तिथं उभं राहवेना. मी म्हटलं, धावजी, थांब, मी अंगठा देऊन बसली.

तू विचारलं, कोणाले.

मी म्हटलं, लखीरामभियाले.

तू हसला. तुले वाटलं मी गंमत करते. मंग तू विचारलं, काहून, बाई.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. तू मले शिव्या दिल्या असत्या, चार वर्षं बोलला नसता, रुपीनं माझ्या नावानं बोटं मोडली असती. तेवढंच झालं असतं. पण तुझं तोंड पाहून मी म्हटलं, त्यानं मले सांगितलं की बाचं नाव कमी करायचा कागद आहे. मले कुठं वाचता येते.

माझ्या तोंडून ते निघतच होतं, तेव्हा लखीरामभिया बांधावरून येताना दिसला. खांद्यावर दोर होता, बैल सोडून येत असेल. तू त्याच्याकडं धावत गेला. कुऱ्हाड तुझ्या हातातच राह्यली होती, तुले तिचं भानही नव्हतं, हे मी देवासमोर सांगीन. तू म्हटलं, बहिणीले फसवतो का. तो पहिले समजलाच नाही. मंग म्हणाला, कोणी फसवलं, तिनं मनानं दिलं. तू म्हटलं, खोटं बोलतो. त्यानं माझ्याकडं हात केला अन् म्हणाला, मी कायले सांगू, ती उभी आहे ना. हंसाले विचार.

तुम्ही दोघंही माझ्याकडं पाहून राह्यले होते. वीस पावलं असतील. लखीरामभियाच्या तोंडावर जराशीही भीती नव्हती. त्याले वाटलं, हंसा आहे, ती सांगेल.

मी मान खाली घातली.

मंग आवाज आला. मी वर पाह्यलं तेव्हा तो खाली बसून राह्यला होता, जेवायले बसावं तसा. मंग आडवा झाला. कुऱ्हाड तू फेकून दिली होती अन् त्याचं डोकं मांडीवर घेऊन पागोट्यानं दाबून राह्यला होता. तू मले म्हटलं, बाई, पानी आण. मी नाल्यावर गेली. पानी घेऊन आली तेव्हा पानी पाजायले कोणी नव्हतं.

कोर्टात मी म्हटलं, मी नाल्यावर पानी भरत होती, मले काही दिसलं नाही. वकिलानं विचारलं, अंगठा राजीखुशीनं दिला का. मी म्हटलं, मले काय समजते, लाव म्हटलं तिथं लावला. एवढ्यावरून साऱ्या तांड्यानं धरलं की लखीरामनं अडाणी बहिणीले फसवलं. मी कोणाले नाही म्हटलं नाही.

धावजी, तू ज्याच्यावर दिवस काढून राह्यला ते मी आज तुझ्यापासून काढून घेतलं. न सांगता राह्यली असती तर तुले तरी बरं वाटलं असतं, हे मले समजते. पण तू मेलेल्या भावाले खोटा समजून जगावं अन् मी तुझी पत्रं डब्याखाली ठेवावी, हे आता होत नाही.

माफी मागत नाही. मागायले तोंड नाही.

हंसा


ढाणकी
९ जून १९६३

धावजी,

दीड वर्ष झालं, तुझं पत्र नाही. रुपी मुलाखतीले आली होती तेव्हा तू तिले म्हणाला, हंसाचं नाव माझ्यासमोर काढू नको. काहून, ते तू तिले सांगितलं नाही. म्हणजे तेव्हाही तू माझं झाकूनच ठेवलं. तुले वाचायचं नसेल तर हे फाडून टाक. पण काय झालं ते तुले कळवणं माझं काम आहे.

मागच्या मार्चमधे मी माहेरच्या तांड्यावर गेली. सहा वर्षांनी. पहिले भुरीभावजयीच्या दारात गेली. ती ज्वारी पाखडून राह्यली होती. मले पाहून उठली नाही. मी उंबऱ्याबाहेरच बसली अन् तुले लिहिलं ते सगळं तिले सांगितलं. बैलाचंही. मान खाली घातल्याचंही. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. सूप हातात तसंच.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सहा वर्षं मी ठगाची बायको होती. पाण्यावर गेली की बाया माझ्यापासून सरकून उभ्या राहत. पोराले सोयरीक येईना. तुले ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "ठाऊक होतं."

ती म्हणाली, "मले एकटीले सांगून काय करते? मले तर पहिलेच खरं माहीत होतं. ज्यायले माहीत नाही त्यायले सांग."

तांड्याच्या मुखियानं, पूनमसिंग नायकानं, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांले बोलावलं. माणसं एकीकडं, बाया एकीकडं. रुपी तुझ्या धाकटीले घेऊन शेवटी बसली होती. मी उभं राहून सांगितलं. लखीराम रामधन राठोड यानं मले फसवलं नाही, मी बैलाच्या बदली राजीखुशीनं हिस्सा सोडला, धावजीशी खोटं बोलली, अन् लखीरामभियानं मले विचारायले सांगितलं तेव्हा गप राह्यली. एक म्हातारा माझ्याकडं पाठ करून बसला. नायकानं भुरीभावजयीले विचारलं, हिले काय दंड करायचा. ती म्हणाली, दंड नको, सगळ्यायनं ऐकलं ना, झालं. अन् उठून कामाले निघून गेली.

रुपी माझ्या अंगावर धावून येईल असं मले वाटलं होतं. ती नुसती उठून घरी गेली अन् दार लावून घेतलं. पंधरा दिवसांनी ती ढाणकीले माझ्या दारात उभी. चप्पल नाही, डोळे सुजलेले. म्हणाली, "मले तुझं तोंड पाहायचं नाही. पण नायक म्हणते, कुऱ्हाडीचं तू लिहून दिलं तर सरकार शिक्षा कमी करू शकते. कागदावर तुझी सही लागते. चाल."

आम्ही दोघी यवतमाळले गेलो. एसटीत सहा घंटे एकाच बाकावर. तिथले वामनराव वकील म्हातारे आहेत, चष्मा कपाळावर ठेवून ऐकतात. सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, हे प्रतिज्ञापत्र केलं तर उद्या सरकार तुमच्यावरच खोट्या साक्षीचा खटला भरू शकतं. समजलं का?"

मी म्हटलं, "समजलं." हा शब्द मी दारव्ह्यालेही म्हटला होता. तोंडात कडू झाला.

ते म्हणाले, "यजमानांना विचारलं?"

मी म्हटलं, "ते म्हणाले, गेली तर परत येऊ नको."

"मग?"

"मंग मी आली."

त्यांनी कागद वाचून दाखवला. मी म्हटलं, मले द्या, मी वाचते. वेळ लागला. रुपी खिडकीकडं पाहून बसली होती. दोन ठिकाणी त्यांनी 'माझ्या समजुतीप्रमाणे' असं लिहिलं होतं, ते मी काढायले लावलं. समजुतीचा काही प्रश्न नव्हता, मी तिथं उभी होती. मंग सही केली. अर्ज मुंबईले सरकारकडं गेला आहे.

यांनी मले घराबाहेर काढलं नाही. पण माझ्या हातचं ताट घेत नाहीत, सून वाढते. पोरगा बोलते, कामापुरतं. बैलातला एक मागच्या सालीच मेला, दुसरा यांनी विकून टाकला.

मले पोलीस न्यायले आले नाहीत. रोज सकाळी वाटेकडं पाहते. खरं सांगते, आले असते तर बरं वाटलं असतं.

हंसा


ढाणकी
२७ फेब्रुवारी १९६६

धावजी,

तुझं पत्र आलं. चार वर्षांनी.

त्याच्या दोन दिवस आधी वामनरावांचं कार्ड आलं, सरकारनं अर्ज नामंजूर केला. कारण लिहिलं नाही. रुपीले मीच जाऊन सांगितलं. ती म्हणाली, अजून सहा वर्षं ना, आठ काढले तसे सहा काढीन. मंग तिनं मले आत बोलावून पानी दिलं. पहिल्यांदा.

अन् मंग तुझं पत्र. तू लिहिलं ते मी रोज वाचते, पाठ झालं आहे. तरी एकदा माझ्या हातानं लिहून काढते, म्हणजे मी बरोबर वाचलं का ते तुले समजेल.

"बाई, तू सांगितलं त्याच्यात माझ्यासाठी नवं काही नव्हतं. तू मान खाली घातली तेव्हाच मले समजलं की तू खोटं बोलली अन् लखीराम खरा आहे. एक श्वास घ्यायले लागते तेवढा वेळ माझ्यापाशी होता. मी हात खाली करू शकत होतो. केला नाही. लहानपणापासून सगळं त्यालेच मिळे, अन् आता तूही त्यालेच देऊन बसली, हा राग होता. तो राग माझा होता. मंग इथं आल्यावर मी स्वतःले सांगू लागलो की बहिणीसाठी मारलं. सांगता सांगता खरं वाटू लागलं. तुझं पत्र आलं अन् ते गेलं. म्हणून चार वर्षं तुझ्यावर रागावलो, तू खोटं बोलली म्हणून नाही, खरं बोलली म्हणून. तुझं जे आहे ते तुझ्यापाशी ठेव, मी कमी करत नाही. पण खून मी केला. तो तुले देणार नाही. मुलाखतीले येऊ नको, अजून माझं मन तयार नाही. सुटल्यावर मी पहिले भुरीभावजयीच्या दारात जाईन. ती उभं राहू देईल का, तेवढं विचारून कळव."

तुझं पत्र घेऊन मी परवा गेली. भुरीभावजय आता थकली आहे. पोराचं लग्न झालं, सून चांगली आहे. मी म्हटलं, धावजीचं पत्र आहे, वाचू का. तिनं सुनेले बाहेर पाठवलं अन् म्हणाली, वाच.

मी वाचलं. सगळं वाचलं, काही गाळलं नाही. 'हात खाली करू शकत होतो' तिथं मी थांबली. ती म्हणाली, थांबू नको.

पत्र संपलं. ती दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसली होती. बाहेर सून कोंबड्यायले हाकलून राह्यली होती, तेवढाच आवाज. मी उठायले लागली तेव्हा ती म्हणाली, "लिहायचं सामान आहे का तुझ्यापाशी?"

मी म्हटलं, आहे.

ती सांगत गेली अन् मी लिहीत गेली. तिनं मले ते परत वाचून दाखवायले लावलं, मी लिहिलं तसंच आहे ना हे पाहायले. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, हो, असंच. मी ते खाली उतरवून देते.

"धावजी, सुटशील तेव्हा ये. पण लपून येऊ नको, अन् मागच्या वाटेनं येऊ नको. दिवसा ये, तांड्याच्या मधून ये, सगळे पाहत असतील तेव्हा ये. माझ्या दारात उभा राह्य. मी दार उघडीन का नाही ते मले आज सांगता येत नाही. सहा वर्षं आहेत. तुले विचार करायले आहेत तशी मलेही आहेत. भुरीबाई लखीराम राठोड."

तिनं सांगितलं ते एवढंच. मी त्याच्यात माझ्या मनचा एक शब्दही घातला नाही.

हंसा